दर गुरुवारची महत्त्वाची बैठक

…नाही, पण मी म्हणतो, एवढं सगळं वाचून दाखवायला त्याला सांगितलं होतं कुणी? विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यावं आणि गप्प बसावं! तुम्हाला सांगतो, आमच्या घरातली माणसंसुद्धा चारचौघांत जीभ आवरतात, आणि हा फोनमधला मदतनीस… त्याला भीड नाही, मुर्वत नाही! रविवारची दुपार, भरलेलं टेबल, समोर सासूबाई, माझा घास अर्ध्यावर… मेल्याहून मेल्यासारखं झालं हो मला!

थांबा, आधी सासूबाई सांगतो. म्हणजे माझी थोडी तरी बाजू येईल. आमच्या सासूबाई म्हणजे साधं प्रकरण नाही, अख्खी हयात ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवण्यात गेली त्यांची. शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, माहितीये ना? तो ब्रेक त्या स्कूलच्या गाडीत राहिला, पण सवय? सवय आमच्या गाडीत आली! मी चालवतोय, त्या शेजारी, आणि पाय आपला दाबतोय हवेत. "आरसा बघा… बघितलात? नाही बघितलात. क्लच हळू. अहो, हळू म्हणजे हळू! तो सायकलवाला दिसला का? नाही ना? मला दिसला." आता मी काय शिकाऊ आहे? केस पिकायला आले माझे! पण त्या शेजारी बसल्या की माझी गाडी बंद पडते, भर चौकात, आणि मागचे सगळे भोंगे वाजवायला लागतात.

आणि नेमका त्यांचा गुडघा दुखायला लागला. तोच, हवेत ब्रेक दाबणारा! डॉक्टर म्हणाले, गाडी चालवणं बंद, दर गुरुवारी संध्याकाळी फिजिओकडे जायचं, व्यायाम करायचे. बायको म्हणाली, "तू नेशील ना रे आईला? माझं दुकान असतं." आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं… "गुरुवारी? गुरुवारी माझी महत्त्वाची बैठक असते!"

बोललो ते बोललो, पण लगेच कॅलेंडरात घालूनसुद्धा टाकली. दर गुरुवारी, संध्याकाळी, 'महत्त्वाची बैठक'. आणि मी कुठे? ऑफिसखालच्या चहाच्या दुकानात, मोबाईलवर पत्ते खेळत.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्यावर भागलं असतं. भागलं असतं हो! पण झालं काय, एका गुरुवारी मीच फसलो. कामाच्या गडबडीत कॅलेंडर बघितलं, महत्त्वाची बैठक! धावत वर गेलो, मीटिंग रूम उघडली, एसी लावला, बसलो. शिपाई आला. "साहेब, कुणाची वाट बघताय?" म्हटलं, "अरे, कुणीच कसं आलं नाही अजून?" आता स्वतःची थाप स्वतःलाच खरी वाटायला लागल्यावर माणसानं करायचं काय? मी आपलं त्या नोंदीच्या आत, टीप लिहायची जागा असते ना, तिथं सगळं खरंखरं लिहून ठेवलं. स्वतःसाठी! आत कोण बघतंय?

तर रविवारी मेहुणा आला. कॉम्प्युटरवाला आहे. आला की काहीतरी जोडून जातो. म्हणाला, "भावोजी, तुमचा हा मदतनीस बोलतो छान, पण तुमच्याबद्दल त्याला काही माहीत नाही. मध्ये एक टूल बसवून देतो. ते तुमच्या ऑनलाइन कॅलेंडरात जाईल, नोंदी उचलेल आणि ह्याच्या हातात देईल. मग नुसतं तोंडानं विचारायचं." मी म्हटलं, "काही पुसणार-बिसणार नाही ना?" "छे हो! फक्त वाचतं!"

फक्त वाचतं! आणि मी बिनडोक, खूश झालो हो! म्हटलं, बघू देत सगळ्यांना, माणूस किती कामात असतो ते. फोन ठेवला टेबलाच्या मधोमध. आवाज? पूर्ण मोठा! मीच केला!

सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "बघा बाई काय एकेक निघतंय! विचारा बरं त्याला, गुरुवारी जावयांना किती काम आहे? मी त्या फिजिओबाईंना नेहमी सांगते, जावई सोन्यासारखे आहेत, पण जबाबदारीच एवढी, श्वास घ्यायला फुरसत नाही. मी आपली बसनं येते, त्यांना कशाला त्रास?" ऐकलंत? बसनं! त्या गुडघ्यानं, बसच्या त्या उंच पायऱ्या चढून, आणि वर माझं कौतुक!

बायकोनं विचारलं. तो गोड आवाजात म्हणाला, "गुरुवारी संध्याकाळी 'महत्त्वाची बैठक' आहे." सासूबाईंनी लेकीकडे बघितलं, म्हणजे कसं, बघ, मी म्हणत नव्हते? झालं, इथं थांबायचं की नाही? पण मेहुण्याला आपलं टूल दाखवायची हौस! "सविस्तर सांग," म्हणाला.

"ठिकाण, ऑफिसखालचं चहाचं दुकान. टीप, ही बैठक खरी नाही. आईंना फिजिओकडे न्यावं लागू नये म्हणून टाकली आहे. खरं काम आलं तर ही वेळ बिनधास्त द्यावी." आणि वर काय म्हणतो? "म्हणजेच तुम्ही दर गुरुवारी मोकळे आहात. आणखी काही मदत करू का?"

अरे, आणखी काय मदत करतोस बाबा! उरलंय काय?

बायकोनं चमचा खाली ठेवला, इतका हळू ठेवला की त्यापेक्षा फेकून मारला असता तर बरं. मेहुणा ताटात बघून पुटपुटला, "टूल मात्र बरोबर चाललंय." आणि मी सासूबाईंकडे बघतोय. म्हटलं, आता बोलतील, झाडतील, चांगलं सोलून काढतील. काढा! तेच पाहिजे मला! पण त्या कशाच्या रागावतात… वाटीतली भाजी नुसती ढवळत राहिल्या, आणि इतक्या बारीक आवाजात म्हणाल्या, "अहो, मला सांगायचं ना. मी गप्प बसले असते गाडीत."

काय सांगू तुम्हाला! मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ना, ते काय असतं हे मला त्या क्षणी कळलं. मला रडूच यायला लागलं, आणि रडायचं तरी कुठल्या तोंडानं?

त्या गुरुवारी मीच आधी जाऊन दाराशी उभा राहिलो. "चला आई." त्या बसल्या, पट्टा लावला, हात मांडीवर. आणि गप्प! मी आरसा बघितला नाही… गप्प. गियर करकरला… गप्प. शेवटी मी वळताना इंडिकेटर चुकीच्या बाजूचा दिला हो, मुद्दाम! त्यांनी डोळे मिटून घेतले, पण बोलल्या नाहीत. मी म्हटलं, "आई, बोला ना काहीतरी." "छान चालवता," म्हणाल्या. छान! ह्याच्यापेक्षा थोबाडीत परवडली.

वर दवाखान्यात फिजिओबाईंनी मला बघितलं. "अगंबाई, हेच का ते? आज वेळ मिळाला वाटतं?" माझी मान खाली. आणि सासूबाई, ज्यांनी जन्मात एका शिकाऊला पिवळा सिग्नल तोडू दिला नाही, त्या माझ्यासाठी म्हणाल्या, "हो, आज त्यांची बैठक रद्द झाली." पुढच्या गुरुवारी, "आजची पुढे ढकलली." त्याच्या पुढच्या, "साहेब रजेवर आहेत." दर गुरुवारी नवीन थाप, आणि मी शेजारी त्यांची पिशवी धरून उभा. मेल्याहून मेल्यासारखं, दर आठवड्याला!

परवा सासूबाई आत व्यायाम करत होत्या. फिजिओबाई हळूच बाहेर आल्या, माझ्या शेजारी बसल्या, आणि फार मायेनं विचारलं, "एक विचारू का? तुमची नोकरी गेलीये का हो?"

आता काय सांगणार होतो मी? खरं काय ते? ह्या बाईला, सासूबाई आत असताना?

म्हटलं, "हो. बघतोय दुसरीकडे."