आबांची वाटी आणि खालची पानं

मंडळी, आज एक साधा प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो. प्रेमानं केलेलं काम चुकलं, तर ती चूक कुणाच्या पदरात घालायची? करणाऱ्याच्या? की त्याला वेळेवर काहीच न सांगणाऱ्याच्या? लगेच उत्तर देऊ नका. पखवाजवाले अण्णा मान हलवायला लागलेत — थांबा अण्णा, तुमचं घर मला ठाऊक आहे!

तर ऐका. वडजाई नावाचं गाव. तिथले कोंडाजी डुंबरे, वय वर्षं शहात्तर. गाव त्यांना आबा म्हणतं. डोळे शाबूत, दात शाबूत, पण कंबर? ती वाकायला तयार नाही. देवळातसुद्धा आबा उभ्यानंच हात जोडायचे आणि देवाला सांगायचे, बाबा रे, मनानं वाकलोय असं समज.

या आबांची तरुणपणी एक ख्याती होती. तुरीच्या शेतात अळ्या वेचाव्यात त्या आबांनीच. गावात फवारणीचे पंप यायच्या आधीची ही गोष्ट. दोन बोटांची चिमूट अशी नाजूक, की अळी उचलली तरी पान हलायचं नाही. शेजारपाजारचे त्यांना मुद्दाम बोलावून न्यायचे.

आता काळ बदलला. घरच्या रानात पॉलिहाऊस उभं राहिलं. आत ढोबळी मिरची, दोरीवर चढवलेली, माणसाच्या खांद्याइतकी उंच. कारभार मुलगा दशरथ आणि सून कालिंदी यांच्याकडे. आबांकडे काय? दुपारचा चहा. घरातलं कुणी वाईट वागत नव्हतं हो! वेळेवर जेवण, वेळेवर गोळ्या. फक्त शेतातलं त्यांना कुणी काही सांगत नव्हतं. एवढंच.

त्या वर्षी मिरचीवर मावा पडला. शेंड्याला हिरवी बारीक कीड चिकटलेली, पानं चिकट आणि वळलेली. दशरथनं पंप काढला. पण कालिंदी तालुक्याला प्रशिक्षण घेऊन आलेली. ती म्हणाली, आठच दिवस द्या. तुम्ही एवढे फवारे मारले, मावा पुन्हा येतोच आहे, आणि त्याला खाणारे किडे मात्र मरतात. मी खाणारे आणून सोडते. दशरथनं हो म्हटलं, पण एका अटीवर: पुढच्या सोमवारी मावा हटलेला दिसला नाही, तर पंप चालेल आणि तो विषय पुन्हा घरात निघणार नाही.

पुठ्ठ्याच्या डब्यातून ते खाणारे आले. तो लाल, काळ्या ठिपक्यांचा भुंगेरा तुम्ही पाहिलाय ना? पोरं हातावर चालवतात तो. त्याची ही पिल्लं. आणि मंडळी, बाप इतका देखणा, पण पोर बघाल तर काळपट, काटेरी, पाठीवर नारिंगी डाग, जणू बोटाच्या पेराएवढीही नसलेली मगर! कालिंदीनं कुंचल्यानं ती एकेका झाडावर, वरपासून खालपर्यंत सोडली. आबा त्या दिवशी बहिणीच्या गावी गेले होते. परत आले, त्यांना कुणी सांगितलं नाही. कशाला सांगायचं? त्यांचा काय संबंध?

रविवार उजाडला. दशरथ आणि कालिंदी एका साखरपुड्याला गेले. आबा घरी एकटे. सुनेचा चेहरा आठवडाभर उतरलेला त्यांनी पाहिला होता. सोमवारपर्यंत कीड हटली पाहिजे, एवढी अटही कानावर आली होती. ते पॉलिहाऊसपाशी गेले, चपला बाहेर काढल्या, आत शिरले. आणि बघतात तर काय, पानापानावर काटेरी अळ्या!

आबांची दोन बोटं जागी झाली. साबणाच्या पाण्याची वाटी घेतली आणि एका कडेनं सुरुवात केली. हात पुरेल तिथवर, कमरेपासून शेंड्यापर्यंत. चार तास. कोणत्या आनंदात असतील ते, मंडळी? आज आपण घराच्या कामाला आलो! सून येईल, वाटी बघेल, तिचा जीव हलका होईल.

सून आली. आबांनी वाटी पुढे केली.

"सूनबाई, उद्या तुला कुणी बोलणार नाही. दिसल्या त्या सगळ्या टिपल्या."

कालिंदीनं वाटीत पाहिलं. बोटानं एक अळी उलटून पाहिली. आबांना वाटलं, आनंदानं शब्द फुटत नसेल. मग तिचे डोळे भरलेले दिसले आणि त्यांच्या हातातली वाटी कलली.

"आबा, ही आपली होती," ती म्हणाली. "माव्याला खायला मीच सोडली होती."

आबा मटकन पालथ्या क्रेटवर बसले. तुझं काय म्हणणं आहे ते बोल, शिव्या दे, असं ते पुटपुटत राहिले. कालिंदीनं वाटी खाली ठेवली.

"तुम्हाला काय म्हणून बोलू? मी घरात सगळ्यांना दाखवली. गड्याला दाखवली. तुम्हाला दाखवली नाही."

थांबा जरा इथं. एवढं नुकसान झाल्यावर किती घरांत असं वाक्य निघतं?

सोमवारी सकाळी आबा तिच्या मागोमाग आत गेले. झोप लागली नव्हती, डोक्यात एकच हिशेब घोळत होता: आपला हात कुठवर पोचला? ते म्हणाले, सूनबाई, कमरेखालची पानं उलटून बघ. तिथं मला वाकताच आलं नाही.

कालिंदी खाली बसली. एक पान उलटलं. दुसरं उलटलं. मग तिनं ते पान तोडून प्रशिक्षणात मिळालेल्या भिंगासह आबांच्या हातात दिलं. आबांनी डोळा लावला. एक काटेरी पोर माव्याला तोंडात धरून बसलं होतं, आणि त्याच्या मागं माव्याच्या नुसत्या पांढऱ्या साली पडल्या होत्या.

तेवढ्यात दारात दशरथ. पाठीवर पंप. आबा दोन वाफ्यांच्या मधल्या वाटेत उभे राहिले.

"पंप उतरव."

"आबा, शेंडे बघा की. झाडं जातील."

"शेंड्यांची वाट मी लावली, तिनं नाही. तू खाली बस आणि खालची पानं बघ. मला वाकता येत नाही, म्हणून तर ही वाचली."

बापानं कित्येक वर्षांत काही सांगितलं नव्हतं. दशरथ बसला. पानं उलटत उलटत एका ओळीच्या टोकापर्यंत गेला. परत आला तेव्हा त्यानं पंप उतरवून दाराबाहेर ठेवला आणि म्हणाला, अजून आठ दिवस.

खोटं सांगत नाही, काही शेंडे गेलेच. पण खालची पिल्लं भूक लागली तशी वर चढली, आणि दुसऱ्या आठवड्यात नवी पालवी सरळ फुटली. आता आबांच्या गळ्यात तुळशीच्या माळेशेजारी दोरीला भिंग लटकतं. पॉलिहाऊसमध्ये कुणी काही मारायला, वेचायला निघालं, की आबा म्हणतात, आधी मला दाखव. आणि संध्याकाळी कालिंदी पान घेऊन ओट्यावर येते. आबा, हे कोण?

मंडळी, तुमच्या घरातही असं एक माणूस ओट्यावर बसलेलं असेल. त्याचे हात अजून काम मागतात. शेवटचं त्याला तुम्ही काय दाखवलंत? आठवतंय? आता टाळ उचलू, पण ओठांवर देवाचं नाव घेऊन जाल ते सरळ त्या ओट्यावर जा, शेजारी बसा आणि आज रानात काय झालं ते सांगा. गजर तिथं पुरा होईल.