होल्डॉलवरचे परब

जळण्याचं काय घेऊन बसलायस यार, मी तर माझ्याच नावावर जळलोय!

तेव्हा प्रवासात अंथरूण-पांघरूण गुंडाळून न्यायच्या होल्डॉलवर पेंटरकडून नाव-पत्ता रंगवून घ्यायची पद्धत होती ना? लग्नानंतर काश्मीरला जायचं म्हणून मी नवाकोरा होल्डॉल घेतला आणि ठसठशीत रंगवला: ‘वि. ग. परब, गणेश चाळ, मालाड’. मग आमच्या गिरणीत संप झाला, काश्मीर राहिलं. शेजारचा मन्या मात्र नोकरीला लाथ मारून कायमचा भटकायला निघाला. म्हणाला, "तुझा होल्डॉल माळ्यावर धूळच खातोय ना रे? दे इकडे."

मी आपला मालाड-अंधेरी, मालाड-अंधेरी. आणि माझा होल्डॉल भारत बघतोय!

एका रविवारी दारात कुलूचे एक म्हातारे गृहस्थ उभे. हातात सफरचंदांची टोपली. "बंबई आया था, सोचा परबजी से मिल लूँ."

म्हटलं, "मैंच परब."

त्यांनी मला बनियनपासून लेंग्यापर्यंत न्याहाळलं आणि हसले. "नहीं भाईसाब. परबजी तो घुमक्कड आदमी हैं. हमारे यहाँ दो महीने रहे."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. होल्डॉल वाचून लोक मन्यालाच परबजी म्हणत होते, आणि त्या हरामखोराने कोणाची म्हणून चूक दुरुस्त केली नव्हती.

मी तडकून बायकोला म्हटलं, "अगं, सांग ना यांना परब कोण ते!"

तिने पाहुण्यांपुढे चहा ठेवला, समोर फतकल मारून बसली आणि म्हणाली, "इनका जाने दो. वो दूसरे परबजी का बताओ ना."