सुनीताच्या वाफ्यातली मेथी

आमची रिया घरी मेथी दिसली की नाक मुरडते आणि शेजारच्या सुनीताकडे तीच मेथी मागून मागून खाते. आता सांगा, माझा जीव जळणार नाही? तडक गेले तिच्याकडे.

“काय घालतेस गं भाजीत?”

“काही नाही हो ताई. पोरं वाफ्यातून स्वतः खुडतात, बसून निवडतात, म्हणून खातात.”

मोठी आली शहाणी! पण घरी आल्यावर रियाला म्हटलं, “आपणही मेथी पेरू. तू खुड, तूच निवड.”

पोरगी म्हणाली, “पण मम्मी, आम्ही खुडताना सुनीता आंटी ओरडत नाही.”

“मी कधी ओरडते गं?”

तेवढ्यात कुंपणापलीकडून सुनीताचा आवाज आला, “ताई, काय झालं हो? येऊ का?”