पोलादाचा दाब

बसच्या रांगेत एका शिंपीणबाईंच्या पुढे कारखान्यात व्हॉल्व्ह तपासणारी एक मुलगी तिथेच काम करणाऱ्या आपल्या दाजींशी वाद घालत होती.

"दाजी, व्हॉल्व्ह पोलादाचा आणि चाचणी बिडाच्या व्हॉल्व्हच्या दाबाची? मी पास करणार नाही."

"अगं, गळला नाही ना?"

"बीड ठिसूळ, म्हणून ते कमी दाबावर वापरतात, कमीवर तपासतात. हा वाफेच्या मोठ्या दाबावर बसणार. त्याच्या दीडपट दाब सोसून दाखवू दे."

"आणि फुटला म्हणजे?"

"इथे चाचणीत फुटला तर नुसतं पाणी सांडेल. तिथे माणसं भाजतील."

"मालक तुला घरी बसवतील. तुझी ताई मलाच बोलेल."

"बोलू दे!"

बस आली. दाजी चढले. मुलगी मात्र कारखान्याकडे वळली.

"अगं, कुठे निघालीस?"

"चाचणीचा पंप लावायला. येताय?"

दाजी पायरीवरच घुटमळले. शिंपीणबाईंनी बाजूला सरून त्यांना उतरायला वाट करून दिली.