धुऱ्यावरची खुटी

नाई मॅडम, तसं नोका लिहू. बोअर कोरडा गेला, त्यात चूक तुमची काऊन होईन? वावरात जाऊन पाह्याच्या आंधीच कागद भरून राह्यल्या तुमी — बसा अंमळ, सावलीत बसा. चाहा पाजला असता, पण माठात तांब्याभरच उरलं आहे. नलू, माही घरवाली, जुन्या विहिरीवर गेली — दीड कोस आहे — येईनच आता. टँकर येते समुद्रपूरहून, दोन दिसाआड. आला तं आला.

मी बारा वर्सांपासून पंचायतीचा नळवाला, कॉक खोलाचा न बंद कराचा. गावचा बोअर आटला तवा ग्रामसभेत मीच उठलो ना — म्हणलं, माह्या, या तानबाच्या वावरात कुठंबी घ्या, जागा फुकट देतो. लोकायनं टाळ्या वाजवल्या. मंग तुमी पान्याची जागा शोधाले आल्या, तारा वढल्या, सळाखी ठोकल्या, दुपारभर उन्हात — न खुटी नेमकी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर गाडली, वरून चुना टाकला. मले समजावून सांगतलं, काका, खाली सारा काळा फत्तर आहे, पानी फक्त भेगीत, न भेग भिंतीवानी उभी. चार हात इकडंतिकडं झालं का नुसती धूळ. मी मान डोलवली. मान डोलवाले का लागते? मनात म्हणलं, खाली पानी तलावासारखं पसरून असन, इथून काढलं का तिथून काढलं, एकच. बारा वर्स कॉक फिरवला ना — मले वाटे, पान्याचं सारं मले समजते.

खुटी बकऱ्यायनं पाडली असन, असं मी... नाई, बकऱ्या नोका लिहू. मीच उपटली. पाहाटे गेलतो, चुना पायानं पुसला, न बावीस पावलं खालत नेऊन ठोकली. नवा चुनाबी टाकला. बोअरची गाडी आली, तीनशे फूट खाली गेली, नुसता फुफाटा. सदाशिवराव सरपंच चारचौघात म्हणे, पोरीच्या मशीनच्या भरवशावर बसलो न बुडालो. मी तथीच उभा होतो, तोंड उघडलं नाई. लाज वाटते मले, मॅडम. खरं सांगतो, तुमाले पाह्यलं तरी लाज वाटते.

काऊन केलं म्हंता — काई नाई, धुऱ्यावरची तूर खराब झाली असती. आता तूर कुठली घेऊन बसलो मी, मे महिन्यात. तथी आमची पोट्टी आहे. बावीस वर्स झाली. हिंगणघाटच्या दवाखान्यातून आणली न अकराव्या दिवशी गेली. बारसं दुसऱ्या दिवशी होतं, म्हणून नावबी नाई. एवढ्याशा लेकराले आमच्यात जाळत नाई, मीठ टाकून पुरतात. खड्डा मीच खणला. नलू त्या धुऱ्याले नांगर लागू देत नाई, पितरपाटात वाटीभर दूध ठेवून येते. बोलत नाई कोणाशी त्याचं — माह्याशीबी नाई. न तथी तो गाडीचा दांडा घुसवाचा? खालचं सारं वर फेकते ना ते, धूळ करून... नाई झालं मले. म्हणलं, बावीस पावलांनं का फरक पडते, पानीबी लागन न लेकरूबी निजून राहीन. आता तेच पाहा — तीच बाई दोन महिन्यांपासून डोक्यावर पान्याचा गुंड घेऊन दीड कोस जाऊन राह्यली, गुडघा सुजला तिचा. रोज म्हणते, आपल्या नशिबातच पानी नाई. न मी आयकतो. नशीब कुठलं, मी आहो ते.

लिहा तुमी, खुटी तानबानं सरकवली. पुरं नाव लिहा, नळावरून काढतीन तं काढतीन. जागा ते पाहा, त्या पळसाच्या अंगाले, दगडं रचले आहेत ना, तथीच होती तुमची खुटी. बोअर तथीच होऊ द्या. गाव तहानं मरून राह्यलं, लेकरू तं... ते गेलं. गाडी मातर सोमवारी बोलवजा. उद्या-परवा नोका आणू. पुरलं तवाबी मी नलूले विचारलं नाई, ती बाजेवर पडून होती — खुटी उपटली तवाबी नाई. आता तरी तिले सांगाले लागन, न मले दोन दिवस लागतीन तोंड उघडाले. ते पाहा, आली — गुंड घेऊन येऊन राह्यली. तुमी निंघा आता, मॅडम. मांगच्या दारानं जा.