मागच्या सीटवरचा चक्का

यार, बाबांना घाम आलेला दिसला की अजूनही मी घाबरतो. त्यांची अँजिओप्लास्टी नुकतीच झाली होती. भर जूनमध्ये आई-बाबांना घेऊन गाझियाबादहून गुरुग्रामला ताईकडे निघालो आणि जाममध्ये अडकलो. पुढे एसीने माझी बोटं गारठलेली, आणि आरशात बघतो तर मागे बाबांचा शर्ट घामाने चिंब!

"बाबा, छातीत दुखतंय का?"

"नाही रे. मागे हवाच येत नाहीये."

ब्लोअर फुल केला, बाहेरची हवा बंद केली. काही फरक नाही. शेवटी भीतभीत विचारलं, "डावा हात?"

"हात मात्र जड झालाय."

झालं! हॉर्न वाजवत, शिव्या खात गाडी कडेला घेतली आणि धावत जाऊन मागचं दार उघडलं. पुढच्या दोन सीट्सच्या मधे मागच्यांसाठी एसीची जाळी असते ना, तिच्यासमोर आईची शाल पसरलेली, आणि बाबांचा डावा हात शालीखाली. शाल ओढली, तर बाबांनी एक भलामोठा स्टीलचा डबा जाळीला घट्ट दाबून धरला होता. डबा बर्फासारखा गार.

"हे काय आहे?"

"चक्का," आई म्हणाली. "ताईकडे श्रीखंड करायचंय ना."

बाबा केविलवाणे म्हणाले, "हलू द्यायचा नाही, असं तिनं सांगितलंय."

"अगं आई, बाबा घामाने निथळतायत!"

आई शांतपणे शाल पुन्हा नीट करत म्हणाली, "घाम पुसता येतो रे. चक्का आंबला तर काय करू?"