हवा फुकट हाय, म्हने!

…नाई, तुमीच सांगा, मोटर रंगवाची असन त मानसानं काय करावं? ब्रश घ्यावा, रंगाचा डबा घ्यावा, चार दिवस हात फिरवावा अन् मोकळं व्हावं! सरळ काम! पन आमच्या कामरगावच्या भगवंतरावाले सरळ काम कधी पचलं हाय का? त्याले बंदूक पायजे होती. बंदूक! रंग फेकाची! आता तुमाले सांगतो, हा भगवंतराव म्हनजे वावरवाला मानूस, कापूस पिकते, ज्वारी पिकते, तूर पिकते, अकलेचं पीक तेवढं दरसाल बुडते.

अन् मोटर रंगवाचीच कायले, ते पयले ऐका. ह्या गड्यानं सरकारी लिलावात एक जुनी मोटर घेतली. पिवळी. हळदीवानी पिवळी! कोनाची होती? देवी टोचनाऱ्या डाक्तरची! ज्या मोटरीत बसून तो डाक्तर गावोगावी पोट्ट्यायच्या दंडात सुया खुपसत फिरला, तीच! आता लोकायले नंबर वाचता येत नाई, पन रंग त दिसते ना? मोटर वेशीतून आत शिरली का बाया पोट्टे उचलून वावरात! भगवंतरावाले वाटे, आपला दरारा हाय. दरारा! लोक कायले पळून राह्यले हे इचाराव त खरं!

मंग आली पोरीची सोयरीक. पंचफुला, याची एकुलती एक पोरगी, गुनाची, मायवर गेलेली, देवाची किरपा. मानोऱ्याकडच्या मारोतरावाचा पोरगा जगदेव पसंत केला अन् हा गडी बोलनी कराले निघाला. कायच्यात? पिवळ्या मोटरीत! फटफटत गावात शिरला, अन् झाली ना बोंब, "आला रे, टोचनीवाला आला! पळा!" गाव खाली! मारोतराव होनारा याही, म्हनजे पोरीचा सासरा, त्यानं दोन नातू दोन काखेत मारले अन् ज्वारीत. अन् नवरदेव? ह्या येवढ्या मिशावाला नवरदेव कडब्याच्या गंजीत घुसला, पाय तेवढे बाहेर! भगवंतराव ओट्यावर एकटाच बसला, मिशीले पीळ देत, कुत्र्यासंगं. दुसऱ्या दिवशी मारोतरावाचा निरोप आला, "पोरगी आमच्या मनात हाय, पन आमच्या पोट्ट्यायले ताप भरला. कुंकवाच्या दिवशी, साखरपुड्याले, त्या पिवळ्या मोटरीत आले त आमी दुसरीकडं पाहू."

आता बायको काय म्हने? आवडाबाई म्हने, "अवो, दमनी हाय, बैल हायेत, दमनीत जाऊ ना. पोरीचं कुंकू हाय, मोटरीचं नाई." सोन्यासारखी गोष्ट! पन हा म्हनते, "तुले काय समजते वं! घरी मोटर असून दमनीत जाऊ? लोक शेन घालतीन तोंडात. मी मोटर काळी करतो. काळीकुट्ट! अन् घरीच करतो."

अन् गेला अकोल्याले. तथी एका दुकानात त्यानं ते बंदूक पाह्यली होती. दुकानदारानं तीन तऱ्हेच्या काढून ठेवल्या. एकीची वाटी वर, एकीची खाली, एक नाजूक अत्तरदानीवानी. तो समजावून राह्यला बिचारा, "साहेब, वरच्या वाटीतून रंग आपोआप उतरतो, थोड्या कामाला बरी. खालच्या वाटीतला हवेनं ओढावा लागतो. आणि हे तोंडाचं भोक बघा, बारीक भोक, बारीक फवारा…" भगवंतराव म्हनते, "बारीक भोक कंजूष लोकायले दाखवजा. सर्व्यात मोठं भोक कोनतं हाय?" झाली खरेदी! भोक पाहून! बैल घेतानी दात पाह्यते, इथं भोक पाह्यलं!

मंग त्या दुकानदारानं मुद्द्याची गोष्ट इचारली. "साहेब, हवेचं काय करता? संगतीनं हवा दाबायचं यंत्र लागेल, टाकी लागेल, नळी लागेल." अन् आमचा हा शहाना, दुकानात चार मानसं उभी, त्यायच्याकडं पाहून असा हासला… अन् म्हने, "नळी द्या. हवा तुमी शहरातले लोक विकत घेत असान. आमच्या गावात हवा फुकट हाय!"

हवा फुकट हाय, म्हने! घ्या!

आला घरी. आंगनात मोटर उभी केली, बंदुकीत रंग भरला, गाव गोळा केलं. आवडाबाई म्हने, "काचेवर फडकं टाका, दिव्यावर टाका." हा म्हने, "निशाना पाह्य माझा." पाय फाकवले, एक डोळा मिटला, घोडा दाबला… काईच नाई! पुन्हा दाबला. काईच नाई! बंदूक वाऱ्याकडं धरून उभा राह्यला हो, की वारा आत शिरन अन् रंग बाहेर येईन! अर्धा पहर! शेवटी वारा आला, याच्या डोक्यावरचा पटका घेऊन गेला. लोक हासून हासून लोळले.

तवा त्याले समजलं, हवा फुकट असते, पन दाबलेली हवा फुकट नसते. मंग अकोल्याले जाऊन यंत्र आनावं का नाई? कसं आनन! चार मानसात बोलून आला ना! नाक कापलं जाईन! नाकासाठी या मानसानं काय काय केलं, तुमाले सांगतो…

पयले गाठला हिरालाल. हिरालाल माळी, वांगे-मिरच्यावाला, त्याच्यापाशी भाजीवर मोरचूद माराचा पंप. हिरालाल म्हने, "राव, ह्यातून पानी येते, हवा येत नाई." हा म्हने, "मंग पानी काढून टाक! पानी काढलं त काय उरते? हवाच ना!" हिरालालनं पंप देला! अशा मानसासंगं कोन बोलन? दांडा हापसला, तळाले मोरचूद बसलेलं, अन् भस्सकन निळं पानी भगवंतरावाच्या धोतरावर! ठीक. मंग लोहाराचा भाता आनला. दोघंजन भाता दाबून राह्यले, हा घोडा दाबून राह्यला, अन् बंदूक काय करे? फुस्स… थू! फुस्स… थू! पान खानारा म्हातारा अंधारात थुंकते ना, तसं! मोटरीच्या दरवाज्यावर पिचकाऱ्याच पिचकाऱ्या!

"रंग घट्ट हाय," हा म्हने. रंग घट्ट हाय! अन् वतलं त्याच्यात जवसाचं तेल, पाव्हने वाढले का वरनात पानी वततात तसं. आता जवसाचं तेल घातलेला रंग कधी वाळते? लवकर म्हनता का? कुंकू चार दिवसांवर आलतं हो! पंचफुला कोपऱ्यात बसून डोळे पुसून राह्यली, आवडाबाई भांडे आदळून राह्यली, अन् हा आंगनात बंदुकीच्या तोंडात फुंकर मारून राह्यला!

तवा हिरालाल थट्टेनं म्हने, अगदी थट्टेनं, "राव, आपल्या गावात दाबून भरलेली हवा एकाच जागी हाय. तुमच्या मोटरीच्या चाकात." बस! मूर्खासंगं थट्टा करू नाई, तो ऐकते! भगवंतरावानं टुनकन उडी मारली. चाकाले नळी लावली, नळीले बंदूक लावली, घोडा दाबला, अन् सूं… सूं… सूं! आला ना फवारा! खरा फवारा! नाचला गडी! "पाह्यलं? हवा फुकट हाय का नाई?" अन् इकडं चाक बसलं. दुसऱ्या चाकाले नळी लावली, थे बी बसलं. तुमी डोळ्यासमोर आना, मोटर जसजशी रंगत चालली, तसतशी बसत चालली! चौथ्या चाकापर्यंत ते म्हशीवानी जमिनीवर टेकली. मंग दोन सालदार लावले, हातपंपानं चाकं भरा, भरलं का हा रिकामं करे. भरा, रिकामं. भरा, रिकामं. सालदार म्हने, "मालक, यापेक्षा मोट हाकलेली बरी, पिकाले पानी त जाते!"

अन् मोठ्या भोकाचा फवारा म्हनजे काय, तुमाले सांगतो. मोटर काळी, काच काळी, दिवे काळे, तुळशीवृंदावन एका बाजूनं काळं, गोठ्यातली पांढरी गाय अर्धी काळी, अन् भगवंतराव? पुरा! मिशा, कान, दात! आवडाबाई बाहेर आली अन् म्हने, "मोटरीले रंग लावता का सवताले?" हे झालं, अन् तेवढ्यात शेवटचं चाक जास्त भरलं होतं ते फुटलं. धाडकन! अन् फुटलं कुठं? ओसरीपाशी, जथी वेचलेल्या कापसाची गंजी लागलेली! सारा कापूस हवेत, अन् हवेतून हळू हळू उतरला कुठं? वल्ल्या मोटरीवर! जवसाचं तेल, तुमाले म्हनलं ना! मोटरीले दाढी आली, मिशा आल्या, पाठीवर लोकर आली. कापूस वढाले गेले त रंग संग येई, अन् खालून पिवळं दिसे. म्हनून हा म्हने, "राहू द्या. जवळून पाह्यल्यावर दिसते, दुरून दिसत नाई."

हवा फुकट हाय, म्हने! चाक गेलं, कापूस गेला, गाय दूध देईना, अन् हवा फुकट!

आवडाबाई मंग याच्या भरवशावर राह्यली नाई. कुंकवाच्या आदल्या दिवशी कोंबड्यानं बांग देली का दमनी जुतली, पंचफुलाले घेतलं, साखर-नारळ घेतला अन् चालली. हा मांगून वरडते, "अवं, मी मोटरीत येऊन तुमच्या पुढं निघून जाईन!" ते मांग वळूनबी पाहे ना. अन् हा रातभर रॉकेलनं तोंड घासत बसला. राखीनं घासलं, चिंचेनं घासलं, लिंबानं घासलं. काळं ते काळंच! आता तुमीच सांगा, पोरीच्या कुंकवाले बाप काळं तोंड घेऊन निघाला, हे कोनत्या गावात चालते?

निघाला, पन काच काळी. मंग खुरप्यानं खरडून रुपयायेवढं भोक पाडलं, त्याच्यातून एका डोळ्यानं पाहत, वाटेनं बैल बुजवत, चाकाले ठिगळ लावत, दुपारी पोचला मारोतरावाच्या गावाले. छाती फुगलेली! आता कोन पळते पाहू! मोटर पिवळी राह्यली का? नाई! काळी हाय! वेशीतून आत शिरला, भोंगा वाजवला…

"आला रे! टोचनीवाला आला! पळाऽऽ!"

गाव खाली! तेच! तसंच! अन् तुमाले सांगतो, मारोतरावाच्या आंगनात आवडाबाई कधीचीच पोचलेली, पंचफुलाले कुंकू लागलेलं, साखर वाटून झालेली, पंगत बसलेली, सोयरीक पक्की! पानावरून सारे उठले अन् ज्वारीत! मारोतराव नातू घेऊन पुढं, जगदेव त्याच्या पुढं, पंचफुला नव्या लुगड्यात पळून राह्यली, अन् सर्व्यायच्या पुढं कोन? आवडाबाई! तिनं मोटर वळखली नाई असं समजू नका. वळखली, म्हनूनच पळाली!

भगवंतराव मोटरीतून उतरला, पाह्यते त ओट्यावर एक म्हातारी तेवढी बसलेली. गिरजाबाई, मारोतरावाची मावशी, पायानं अधू, कानानं अर्धी बहिरी, पळाव त कशी पळन? हा तिच्यापाशी गेला अन् वरडला, "मावशी, लोक काहून पळाले? मोटर त काळी हाय!"

म्हातारी म्हने, "हो बाप्पा, ऐकलं. डाक्तरनं जुनी पिवळी लिलावात काढली म्हने, कोन्या येड्यानं घेतली. सरकारनं त्याले नवी काळी देली. बरी हाय. पन डाक्तरबी रंगवून धाडला का?"

आता काय बोलता? भगवंतराव छाती पिटत वरडला, "मावशी, मी डाक्तर नोहे! मी याही! याही!"

"सुई? मंग तेच म्हनते ना, काढ सुई!" अन् म्हातारीनं चोळीची बाही वर केली, डोळे गच्च मिटले अन् हात पुढं केला. "टोच लेका एकदाची. बाकी सारे पळाले, मले त पळता येत नाई. पन हळू टोचजो."

तो पाह्यते इकडं, पाह्यते तिकडं. ज्वारीतून चारशे डोळे त्याच्यावर लागलेले. काय करते बाप्पा? बसला तिच्यापाशी, तिचा दंड दोन बोटानं उलिसा दाबला, अन् म्हनला, "झालं, मावशी."

म्हातारीनं डोळे उघडले, दंड पाह्यला, त्याच्या काळ्या तोंडावरून हात फिरवला अन् म्हनली, "गुनाचा हायेस रे. काईच दुखलं नाई."

घ्या! येवढ्या चार-सहा दिवसांत या मानसाच्या हातून तेवढं एक काम नीट झालं.